तिकीट काढण्याआधी हजेरी मोजा: ठाणे–नवी मुंबईत नव्याने आलेल्या पालकांसाठी

आम्ही ऐरोलीत राहायला आलो तेव्हा थोरली दुसरीत होती. सासर राजापूर तालुक्यात, तिथे गौरी-गणपती. माहेर सातारा जिल्ह्यात, तिथे चैत्रात गावची यात्रा. वर्षातून दोनदा गावाला जायचंच, हे लग्नाआधीपासून ठरलेलं. गावच्या शाळेत असं होतं की यात्रेच्या दिवशी शाळेतच कुणी नसायचं, बाईसुद्धा पालखीच्या पुढे दिसायच्या. इथे आल्यावर कळलं की गणपतीची सुट्टी एका शाळेला दोन दिवस असते, शेजारच्या इमारतीतल्या मुलांना पाच दिवस, आणि तिसऱ्या शाळेत त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा असते. आता थोरली दहावीत आहे, सीबीएसईला. धाकटा पाचवीत, राज्य मंडळाच्या शाळेत. एकाच घरात दोन मंडळं, दोन वेळापत्रकं आणि रजेचे दोन वेगळे नियम. दरवर्षी जूनमध्ये सोसायटीत नवीन आलेल्या आया मला हेच विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

बहुतेकांना वाटतं की शाळेला अर्ज दिला, टीचरनी ‘ठीक आहे’ म्हटलं, म्हणजे ते दिवस भरले. तसं नसतं. रजा मंजूर होणं वेगळं आणि हजेरी लागणं वेगळं. मूल वर्गात नसेल तर हजेरीपटावर त्या दिवशी गैरहजेरीच पडते. अर्ज असेल तर तिच्यापुढे रजेची खूण होते, नसेल तर नुसता लाल शेरा राहतो. टक्केवारी काढताना दोन्ही दिवस कमीच धरले जातात. अर्जाचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी होतो: चुकलेल्या चाचणीचं काय करायचं, हजेरी कमी पडली तर कारण काय दाखवायचं, आणि टीचरच्या मनात तुमच्याबद्दल काय राहतं, या तीन गोष्टी त्यावर ठरतात. म्हणून अर्ज द्यायचाच, पण त्याने दिवस परत येत नाहीत हे लक्षात ठेवून.

दुसरी शंका परदेशातून परत आलेल्यांची असते. सीवूड्सला राहणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, “इथे दंड किती लागतो?” त्या इंग्लंडमध्ये राहून आल्या होत्या. तिथे विनापरवानगी मुलाला सहलीला नेलं तर ऑगस्ट २०२४पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, आणि २१ दिवसांत भरला नाही तर तो १६० होतो. आपल्याकडे पालकांना असा दंड नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे, ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण आठ दिवस गावाला गेलात म्हणून कुणी पावती फाडत नाही. उलट त्याच कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. आपल्याकडे प्रश्न पैशाचा येत नाही. तो पुढे, दहावीच्या उंबरठ्यावर येतो, आणि तिथे फार कडक असतो.

पहिली पायरी: मंडळ कोणतं आणि इयत्ता कितवी

हे सगळ्यांत आधी बघा, कारण शेजारणीचा सल्ला तिच्या मंडळाचा असतो.

सीबीएसईत दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. उरलेल्या २५ टक्क्यांची सवलत आजारपण, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि तशाच गंभीर कारणांसाठी आहे, तीही कागदपत्रं दाखवून. ऑगस्ट २०२५मध्ये मंडळाने सगळ्या शाळांना पुन्हा पत्र पाठवून हे बजावलं आहे. दहावी-बारावीची हजेरी मोजताना १ जानेवारीपर्यंतचे दिवस धरतात, त्यामुळे “फेब्रुवारीत भरून काढू” हा हिशेब चालत नाही.

आयसीएसईच्या शाळांतही ७५ टक्केच, पण तिथे हजेरी ६० टक्क्यांपर्यंत खाली आली असेल तर तूट माफ करण्याचा अधिकार मंडळाच्या मुख्याधिकाऱ्यांना आहे. त्याचा अर्थ ६० टक्के पुरे असा काढू नका. ती माफी मागावी लागते आणि कारण पटावं लागतं.

राज्य मंडळातही दहावी-बारावीला ७५ टक्क्यांचीच अट आहे. आपल्या भागाची विभागीय कचेरी वाशीलाच आहे, पण पालकांनी थेट तिथे जाऊन उपयोग नाही. हजेरीच्या तुटीचं प्रकरण शाळेमार्फतच पुढे जातं, मंडळ कोणतंही असो. आयबी आणि केंब्रिजच्या शाळांत हजेरीचा आकडा शाळा स्वतः ठरवते आणि प्रवेशावेळी दिलेल्या पुस्तिकेत छापते. ती पुस्तिका कपाटात गेली असेल तर आज बाहेर काढा.

आता इयत्ता. बालवाडी ते चौथीपर्यंत बोर्डाची टक्केवारी तुम्हाला लागू नाही, शाळेचे स्वतःचे नियम लागू आहेत. काही शाळा ८० मागतात, काही ९०ही मागतात, आणि कमी पडली तर पालकांना बोलावतात. पाचवी आणि आठवीकडे मात्र आता लक्ष द्यायला हवं. राज्यात २०२३पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. “आठवीपर्यंत कुणी नापास करत नाही” हे गावी अजून सर्रास ऐकू येतं. ते जुनं झालं.

दुसरी पायरी: दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय आहे आणि त्याच्याच शेजारी दोन्ही शाळांची वर्षाची वेळापत्रकं चिकटवलेली आहेत. थोरलीच्या शाळेचं निळं, धाकट्याचं नुसतं झेरॉक्स. सगळं ठरवणं तिथे उभं राहून, हातात पेन घेऊन होतं. तुम्हीही असंच करा, मोबाइलमधल्या पीडीएफवर हे दिसत नाही.

पहिलं काय दिसतं, तर वर्षच वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतं. सीबीएसई आणि आयसीएसईच्या बहुतेक शाळा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा वर्ग सुरू करतात, महिनाभर शिकवतात आणि मग मे महिन्याची सुट्टी देतात. राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात. घाटावरच्या लोकांची अडचण इथेच होते. चैत्रातल्या यात्रा एप्रिलमध्ये येतात. राज्य मंडळाच्या मुलाची तेव्हा वार्षिक परीक्षा असते, आणि सीबीएसईच्या मुलाचा नव्या वर्गातला पहिला-दुसरा आठवडा. पूर्वी राज्य मंडळाच्या परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपत आणि लोक ठरल्याप्रमाणे गावाला निघत. २०२५मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत गेल्या आणि आमच्या इमारतीतल्या चार घरांनी काढलेली तिकिटं रद्द केली. तेव्हापासून मी एप्रिलचं कुठलंही तिकीट परीक्षेचं पत्रक हातात आल्याशिवाय काढत नाही.

एप्रिलच्या त्या पहिल्या आठवड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अभ्यासाच्या दृष्टीने तो हलका असतो, पण लहान मुलासाठी तो जड असतो. नवा वर्ग, नवी टीचर, कोण कुणाशेजारी बसणार हे त्याच दिवसांत ठरतं. तिसरीत थोरली आठ दिवस उशिरा गेली तेव्हा तिच्या मैत्रिणींच्या जोड्या लागून गेल्या होत्या. जूनपर्यंत ती शेवटच्या बाकावर एका अनोळखी मुलीशेजारी बसून होती. हजेरीचे आठ दिवस गेले ते कुणाच्या लक्षातही नाही, ते बाक मात्र तिला अजून आठवतं. शनिवार-रविवार पकडून यात्रेच्या मुख्य दिवसापुरतं जाऊन या. बैलगाड्या आणि पालखी दोन दिवसांत बघून होते.

गणपतीचं गणित निराळं आहे. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षभराच्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांवर जाऊ देत नाहीत, पण दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी थोडी कमी करून ती गणेशोत्सवाला किंवा नाताळला देता येते. त्यासाठी शाळेला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून एका शाळेला गौरी विसर्जनापर्यंत सुट्टी दिसते आणि दुसरीला दोन दिवस. ज्या शाळेत कोकणातली मुलं जास्त, तिथे पालक-शिक्षक संघाने हा विषय काढला की शाळा बहुतेक वेळा ऐकते. जुलैत होणाऱ्या पहिल्याच सभेत बोला. ऑगस्टमध्ये वेळापत्रक छापून झालेलं असतं.

२०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांची सहामाही सप्टेंबरातच असते, म्हणजे यंदा गौरी-गणपती परीक्षेच्या तोंडावर येणार. रेल्वेचं आरक्षण आता १२० दिवस आधी नाही, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. १२ सप्टेंबरच्या शनिवारी ठाणे किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने निघायचं तर आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडतं, आणि गणपतीच्या गाड्या किती मिनिटांत भरतात हे कोकणी माणसाला सांगायला नको. त्यामुळे शाळेशी बोलणं १४ जुलैच्या आधी उरकायला हवं. लोक उलट करतात. आधी तिकीट मिळवतात, आणि मग शाळेत जाऊन सांगतात, “आता तिकीट काढलंय, काय करणार?” हे वाक्य मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कधीही बोलू नका. समोरच्याला विचारायच्या आधीच निर्णय झालेला आहे, एवढंच त्यातून त्यांच्यापर्यंत पोचतं.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. नवी मुंबईच म्हणत असलो तरी हा भाग रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत येतो. वाशी-नेरूळ-ऐरोली ठाणे जिल्ह्यात. जुलैत अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी किंवा महापालिका जाहीर करते, त्यामुळे बेलापूरची शाळा चालू आणि खारघरची बंद असं होतं. मूल ज्या हद्दीतल्या शाळेत आहे तिथलाच आदेश बघायचा, घराच्या हद्दीतला नाही. आणि अशा बुडालेल्या दिवसांच्या बदल्यात शाळा पुढे एखादा शनिवार भरवते. तो शनिवार चुकला तर ती गैरहजेरीच.

तिसरी पायरी: दिवस मोजा, अंदाज नको

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. २२० दिवसांचा चौथा हिस्सा ५५. आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात, जवळजवळ दोन महिने हातात आहेत असं वाटतं. दहावीचं उदाहरण घेऊन बघा. समजा एप्रिल ते डिसेंबर शाळा १८० दिवस भरली. ७५ टक्के म्हणजे १३५. हातात उरले ४५.

आता त्यातून वजा करत जा. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू झाला की १२ दिवस जातात, आमच्याकडे थोरलीचे १४ गेले होते. कांजिण्या किंवा डोळे आले तर शाळाच आठवडा-दहा दिवस पाठवू नका म्हणते. सर्दी-ताप, पोटदुखी, मुसळधार पावसात बस न आलेला दिवस, हे वर्षाला ८-१० सहज होतात. इथपर्यंत एकही सहल नाही आणि ३० च्या वर गेलो. मग घरातलं एखादं लग्न. मग, देव न करो, कुणाचं तरी अचानक जाणं, आणि दहावे-तेरावे दिवस. त्यासाठी जावंच लागतं आणि मुलांना नेलंच पाहिजे असं मला वाटतं. आजोबांचा निरोप घेण्यापेक्षा कुठली चाचणी मोठी नाही. पण तो दिवस कधी येईल हे माहीत नसतं, म्हणूनच सहलीसाठी सगळे दिवस आधी खर्च करायचे नसतात.

माझा घरगुती नियम असा: पाचवीपर्यंत वर्षाला आठ दिवस, सहावी ते आठवी पाच दिवस, नववीपासून शून्य. हे सहलीचे आणि सणाचे दिवस, आजारपण वेगळं. मुलांनाही हा आकडा सांगितलेला आहे. धाकटा स्वतः बोटांवर मोजतो आणि म्हणतो, “आई, माझे तीन उरलेत, ते गणपतीला ठेव.” त्यामुळे नोव्हेंबरात कुणी माथेरानला चला म्हटलं की नाही म्हणायला मला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

चौथी पायरी: विचारा, आणि लेखी विचारा

कुणाला विचारायचं, याचा क्रम असतो. दोन-तीन दिवस असतील तर वर्गशिक्षकांना. त्यापुढे सुपरवायझर किंवा मुख्याध्यापक, कारण वर्गशिक्षकांना तेवढा अधिकारच नसतो आणि तुम्ही त्यांना अडचणीत आणता. इंग्रजी शाळांत बहुतेक ठिकाणी शाळेच्या अॅपवर रजेचा रकाना असतो. तिथे भराच, पण डायरीतही लिहा. अॅपवरचा मजकूर वर्गशिक्षकांनी वाचलाच असेल असं नाही. मराठी आणि सेमी इंग्रजी शाळांत अजून कागदाचा अर्ज चालतो, आणि मला तोच आवडतो, कारण पोच घेता येते.

भेटल्यावर “जाऊ का?” एवढंच विचारू नका. हे नेमकं विचारा: त्या दिवसांत चाचणी, प्रकल्प जमा करणं किंवा तोंडी परीक्षा आहे का? चाचणी चुकली तर पुन्हा घेता का, बाकीच्या चाचण्यांची सरासरी धरता का, की शून्य देता? शाळाशाळांत खरा फरक या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतो. काही शाळा फक्त डॉक्टरच्या दाखल्यावर चाचणी पुन्हा घेतात, काही कशावरही घेत नाहीत. सीबीएसईच्या दहावीत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यात चाचण्या, वह्या, प्रकल्प हे सगळं येतं, त्यामुळे तिथे एक चुकलेली चाचणीसुद्धा निकालापर्यंत पोचते. आणखी एक विचारा. सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा शाळा उघडण्याच्या दिवशी गैरहजर राहिलं तर काही वेगळा नियम आहे का? बऱ्याच शाळांना नेमके हेच दोन दिवस खटकतात, कारण सगळेच पालक तेच दोन दिवस जोडून घेतात.

मी धाकट्याच्या शाळेत गेल्या वर्षी दिलेला अर्ज जवळजवळ तसाच खाली देते. लांब लिहायची गरज नाही.

“मा. मुख्याध्यापिका बाईंना सविनय नमस्कार. माझा मुलगा इयत्ता ४थी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. आमच्या घरी राजापूर तालुक्यात गौरी-गणपती असतात. त्यासाठी शाळेच्या सुट्टीला जोडून तीन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. वर्गशिक्षिका बाईंशी बोलले आहे. या दिवसांत चाचणी नाही, असे त्यांनी सांगितले. राहिलेला अभ्यास परत आल्यावर चार दिवसांत पूर्ण करून दाखवू. या वर्षी आजवर त्याची दोन दिवस गैरहजेरी झाली आहे. आपली नम्र,” आणि खाली सही, तारीख, फोन.

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम आहे. आपण हजेरी मोजतो आहोत हे समोरच्याला दिसतं, आणि बोलणं लगेच मऊ होतं. बाईंनी तो अर्ज वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “मोदक हाताने की साच्यात?” मी म्हटलं, “हाताने.” त्यांनी सही केली.

आजारपणाचं खोटं कारण देऊ नका

हे पायऱ्यांत बसत नाही, पण सगळ्यांत मनापासून हेच लिहायचं आहे. कारण मी ते एकदा केलं आहे.

थोरली चौथीत होती. गणपतीला पाच दिवस जास्त राहायचं होतं, आणि शाळा सणासाठी रजा देत नाही असं ऐकलं होतं. विचारलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. मी फोन करून सांगितलं, ताप आहे. परत आल्यावर सोमवारी ती शाळेत गेली. टीचरनी तिला जवळ बोलावून कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, “अब ठीक हो बेटा?” मुलीच्या दोन्ही हातांवर गौरीसाठी काढलेली मेंदी होती, कोपरापर्यंत, अजून लाल. तिने हात पाठीमागे नेले. टीचरनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. रात्री झोपताना ती मला म्हणाली, “मी काय सांगायला हवं होतं गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन टीचरना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, विचारलं असतं तर तीन दिवस दिले असते.

याशिवाय व्यवहाराचीही बाजू आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर बहुतेक शाळा डॉक्टरचा दाखला मागतात. ओळखीच्या डॉक्टरकडून खोटा दाखला आणला तर तो शाळेच्या फायलीत राहतो. पुढे दहावीत खरोखर डेंग्यू झाला आणि हजेरीची तूट माफ करून घ्यायची वेळ आली, की तीच फाइल उघडली जाते. खऱ्या दाखल्याची किंमत आपणच घालवून बसलेले असतो. आणि आजकाल गावच्या आरतीचे फोटो संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचलेले असतात.

नववीपासून पुढे

इथे मी लवचीक नाही. नववीत मुलाला गावाला न्यायचं तर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतच. सीबीएसईच्या दहावीला २०२६पासून दोन बोर्ड परीक्षा आहेत: पहिली फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळ्यांना बंधनकारक, आणि दुसरी मे महिन्यात, गुण सुधारण्यासाठी, जास्तीत जास्त तीन विषयांची. म्हणजे दहावीनंतरच्या मे महिन्याचं तिकीटही निकाल बघूनच. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारीतच सुरू होते, २०२६ला ती २० फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे तिथे शिमग्याला कोकणात जाणं दहावीच्या वर्षी विसरायचं. आमच्या घरी यंदा गणपतीला थोरली आणि मी इथेच थांबणार आहोत, हे आणि धाकटा जातील. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “असू दे गो. पुढच्या वर्षी दोन दिवस जास्त रव्हा.”

महिनाभराची रजा

जहाजावर काम करणारे बरेच लोक सीवूड्स, खारघर, नेरूळ भागात राहतात. बाबा सहा-आठ महिन्यांनी घरी येतात, आणि ते केव्हा उतरतील हे शाळेच्या वेळापत्रकावर ठरत नाही. अशा घरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटून परिस्थिती सांगून ठेवावी. शाळेला हे नवीन नसतं. पण सलग महिनाभर न सांगता गैरहजर राहिलं तर नाव पटावरून कमी करण्याची भाषा सुरू होते, आणि आठवीपर्यंत कायदा मुलाच्या बाजूने असला तरी तो वाद घालण्यात वर्ष जातं. फी आणि स्कूलबसचे पैसे या काळात भरावेच लागतात, त्यात सूट मागण्यात शक्ती घालवू नका. महिन्याहून जास्त काळ गावी राहणार असाल, घरात कुणाचं मोठं आजारपण असेल, तर तिथल्या शाळेत तात्पुरतं बसवता येईल का हे दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांशी बोला. शाळा सोडल्याचा दाखला मात्र घाईने काढू नका. इथल्या चांगल्या शाळेत गेलेली जागा परत मिळत नाही.

परत आल्यावर

रविवारी रात्री दोन वाजता पोचून सोमवारी सातच्या बसला मूल उभं करू नका. एक दिवस आधी या. वर्गातल्या एका शहाण्या मुलाच्या आईशी आधीच बोलून ठेवा आणि वह्यांचे फोटो रोजच्या रोज मागवा, शेवटी एकदम नाही. आम्ही गावी असताना दुपारी जेवणानंतर ओटीवर अर्धा तास वही उघडतो, त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर गावाला नेण्यात अर्थच नाही. गणिताचा नवा धडा सुरू झाला असेल तर तो मात्र फोटोवरून समजत नाही, त्यासाठी टीचरकडे मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं मागा.

आणि पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक हातात आलं की गुणांच्या खाली छापलेले दोन आकडे बघा: कामाचे दिवस आणि हजर दिवस. आपल्या वहीतल्या नोंदीशी ते लावून पाहा. थोरलीच्या आठवीत आंतरशालेय स्पर्धेला शाळेनेच पाठवलेले चार दिवस गैरहजर म्हणून पडले होते. चूक कुणाची ते शोधत बसले नाही. स्पर्धेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून ऑफिसात अर्ज दिला, तीन दिवसांत दुरुस्त झालं. दहावी-बारावीला हे काम डिसेंबरच्या आत करा, जानेवारीत आकडा मंडळाकडे गेलेला असतो.